समाजकल्याणाची आमटी

त्या शनिवारी सावळाराम साळवेला सांडशी सापडली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण सांडशी सापडली नाही. (ती चार दिवसांनी कपड्यांच्या ट्रंकेत सापडली. तिथं ती कशी गेली हे विचारू नये. बायको गावाला गेली की घरातल्या वस्तू फिरतीवर निघतात.) स्टोव्हवर आमटी उतू चालली होती, कॉटवरून त्याची आई भागुबाई "सावळा, उतू चाललं, सावळा" असं आगगाडीच्या सुरात म्हणत होती, आणि हाताशी काय होतं, तर वाचायला घेतलेले चार कागद. सावळारामनं कागदांची घडी केली, त्या घडीनं पातेल्याची कड धरली आणि पातेलं उचललं.

पातेलं सुखरूप खाली आलं. कागद मात्र आमटीत गेले.

ते कागद वाण्याच्या यादीचे असते तर हरकत नव्हती. ते होते समाजकल्याण खात्याचे. म्हणजे भारत सरकारच्या, दिल्लीच्या. त्या खात्याचा सगळा इतिहास आणि कार्य त्या चार पानांवर निळ्या शाईनं, फार सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं. त्याची दुसरी प्रत कुठेही नव्हती आणि दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी दहा वाजता, शिरूरमध्ये चौदा बायकांना तो धडा सावळारामनं शिकवायचा होता.

आता दौंडच्या रेल्वे कॉलनीतला सावळाराम शिरूरच्या बायकांना शिकवायला कसा निघाला, ते सांगायला हवं.

सावळाराम दौंड जंक्शनवर फर्स्ट क्लासच्या वेटिंग रूमचा अटेंडंट होता. खुर्च्या पुसायच्या, माठ भरायचा, आणि आत येणाऱ्याला अदबीनं तिकीट विचारायचं, हे त्याचं काम. त्या कामात त्याला एक मोठा लाभ होता. मोठमोठे लोक गाडी आली की पेपर तिथंच टाकून जात, आणि सावळाराम ते अथपासून इतिपर्यंत वाची. अथ बहुधा नसेच, कारण पहिलं पान कुणीतरी डब्याला गुंडाळून नेलेलं असे. त्यामुळे जगातल्या बऱ्याच भानगडींचा शेवट त्याला ठाऊक असे, सुरुवात नसे. पण सुरुवात तो स्वतःच्या डोक्यानं लावी, आणि अशा ठाम आवाजात सांगे, की कॉलनीतले फिटर आणि त्यांच्या हाताखालचे खलाशी त्याला विचारल्याशिवाय कुठल्याच विषयावर मत बनवत नसत.

त्यात तो मॅट्रिक होता. निदान लग्न जमवताना त्याच्या मामानं अंजनाच्या वडलांना तसं सांगितलं होतं, आणि सावळाराम तेव्हा खाली बघत होता. गेली बारा वर्षं तो या विषयावर खालीच बघत आला होता.

अंजनाचं माहेर शिरूरचं. सातवीत असताना आई आजारी पडली, धाकटी भावंडं तिच्या कडेवर आली आणि शाळा सुटली ती सुटलीच. पण शिकायची तिची भूक काही गेली नव्हती. मुलगी कमल पहिलीला गेल्यापासून तर ती तिच्या पुस्तकातले धडे भाकरी थापता थापता पाठ म्हणे. अठ्ठ्याहत्तर साली माहेराहून निरोप आला, की तिथल्या महिला मंडळात एक वर्ग निघतो आहे. ज्यांची शाळा अर्ध्यात सुटली अशा मोठ्या बायकांना दोन वर्षांत दहावीपर्यंत न्यायचं. (दहावीला तेव्हाही सगळे मॅट्रिकच म्हणत.) पुस्तकं, वह्या, बाई, सगळं दिल्लीच्या समाजकल्याण खात्याच्या मदतीनं. आणि मॅट्रिक झाली तर दौंडच्या रेल्वे कॉलनीत बालवाडी निघणार होती, तिथं तिला बाई म्हणून घेणार होते.

अंजनानं दोन दिवस काही बोलायचं धाडस केलं नाही. तिसऱ्या दिवशी भागुबाईच म्हणाली, "जाऊ दे की तिला. बाबासायबांचा फोटो भितीवर लावलाय तो काय पाल झाकायला? माझं गुडघं गेल्यात, पर तोंड हाय. मी सांगीन, हा रांधंल."

अशा रीतीनं अंजना कमलला घेऊन माहेरी राहिली, आणि सावळाराम स्टोव्हपुढे आला. आपण बायकोला शिकायला पाठवलं याचा त्याला फार अभिमान होता. तो अभिमान तो वेटिंग रूममधल्या अनोळखी पॅसेंजरांनाही ऐकवी. सुट्टीच्या रविवारी तो एस.टी.नं शिरूरला जाई, वर्गाबाहेरच्या पायरीवर बसे आणि आतून बायकोचा वाचण्याचा आवाज ऐकत राही.

सगळं सुरळीत चाललं होतं. सव्वा वर्ष झालं. आणि एकोणऐंशीच्या सप्टेंबरात दोन गोष्टी एकदम झाल्या. वर्गाच्या शिक्षिका गीताबाई बाळंतपणाला माहेरी गेल्या, आणि दिल्लीहून पत्र आलं, की खात्याच्या एक वरिष्ठ बाई दहा दिवसांनी, बुधवारी, वर्ग पाहायला येत आहेत. वर्ग पुढे चालू ठेवायचा की नाही हे त्यांच्या अहवालावर ठरेल.

महिला मंडळाच्या अध्यक्ष सोजराबाई धुमाळ. घरची मोठी बागायती, आवाज त्याहून मोठा. त्या म्हणाल्या, "दिल्लीची बाई पयलं काय इचारंल? तुम्हाला कोण शिकवतंय, ते खातं काय हाय, कवा निघालं, काय करतं. गीताबाई जाताना समदं लिहून गेल्यात. पर समजावून कोण सांगणार?"

अंजना उठली आणि म्हणाली, "आमचे हे सांगतील. मॅट्रिक हायेत."

तिनं हे अशा अभिमानानं सांगितलं, की पायरीवर बसलेल्या सावळारामला 'नाही' म्हणायला तोंडच उरलं नाही. सोजराबाईंनी गीताबाईंचे चार कागद त्याच्या हातात ठेवले. "जावईबापू, पुढल्या रविवारी या. नीट वाचून या."

सावळारामनं ते आठवडाभर वाचले नाहीत. (मॅट्रिक झालेल्या माणसाला चार पानांना किती वेळ लागतो?) शनिवारी संध्याकाळी आमटी ठेवता ठेवता त्यानं ते उघडले, आणि तेवढ्यात आमटी उतू चालली.

पळीनं कागद बाहेर काढले तेव्हा त्यांचा रंग हळदीचा झाला होता आणि आमटीचा निळा. सावळारामनं एकेक पान दोरीवर बनियनशेजारी वाळत घातलं. वाळल्यावर पाहिलं तर गंमत अशी झाली होती, की ओळींच्या शेवटचे शब्द तेवढे बचावले होते. '…स्थापना करण्यात आली.' '…सोपविण्यात आले.' '…नाव देण्यात आले.' काय, कुणाला, कधी, हे सगळं आमटीत उतरलं होतं.

"आई, ही आमटी टाकून देतो."

"का? डाळ काय फुकट येती? वाढ." भागुबाईनं एक घास खाल्ला. "मीठ कमी हाय," एवढंच म्हणाली.

रविवारी एस.टी.त बसताना सावळारामचा विचार खरं सांगून टाकायचा होता. पाटसपर्यंत तो विचार टिकला. चौफुल्याला गाडी थांबली तेव्हा त्याला वाटलं, की सुरुवात डोक्यानं लावायची सवय आपल्याला आहेच. क्रियापदं तर सगळी हातात आहेत. शिरूर येईपर्यंत खात्याचा इतिहास तयार झाला होता.

वर्गात चौदा बायका वह्या उघडून बसल्या होत्या. पहिल्या रांगेत अंजना, आणि तिच्या शेजारी पुतळाबाई. पुतळाबाई चाळिशीची, बाजारात भाजी विकणारी. सगळ्यांत थोरली आणि पाठांतरात सगळ्यांत पक्की. सावळारामनं घसा साफ केला.

"समाजकल्याण खात्याची स्थापना," तो म्हणाला, "सोळा ऑगस्ट एकोणीसशे सत्तेचाळीस रोजी करण्यात आली."

"सोळा का वं, दाजी?" पुतळाबाईनं विचारलं. अंजना गावची लेक, म्हणून सगळ्या त्याला दाजीच म्हणत.

"पंधराला सुट्टी व्हती."

ते सगळ्यांना पटलं. चौदा वह्यांत ते उतरलं.

"कार्यालय कुठं हाय?" दुसरीनं विचारलं.

सावळारामनं दिल्ली पाहिली नव्हती. त्याच्या डोळ्यांसमोर मोठी इमारत म्हणून एकच येई. "दिल्ली जंक्शनला. एक नंबर प्लॅटफॉर्मच्या वरच्या माडीवर. म्हंजी बाहेरगावच्या लोकांना उतरलं की बरं पडतं."

"आन् काम?"

"काम तीन परकारचं. बायकांना शिवणमशीन, मुलांना दूध पावडर, आन् बाकीच्यांना सल्ला."

अंजनानं मान वर केली. "अहो, हे खातं शिक्षण खात्यातच हाय ना? गीताबाई एकदा तसं म्हणल्या व्हत्या."

आता मात्र सावळाराम रंगात आला होता. बायकोसमोर माघार घेणं शक्य नव्हतं. "छे. रेल्वेला कसं स्वतःचं मंत्रालय हाय? तसंच ह्याचं. स्वतंत्र मंत्रालय. कुणाच्या हाताखाली न्हाई."

सोजराबाई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्या खूश झाल्या. "जावईबापू, बुधवारी रजा काढून या. बाईंना आमचं गुरुजी दाखवू."

परतीच्या गाडीत सावळाराम इतका हलका झाला होता, की कंडक्टरलाही त्यानं खात्याचं तीन प्रकारचं काम सांगितलं. पण सोमवारी वेटिंग रूममध्ये खुर्च्या पुसताना त्याच्या मनात पाल चुकचुकली. समोर सोलापूरला जाणारे एक म्हातारे गृहस्थ बसले होते; धोतर, कोट, चष्मा, मांडीवर इंग्रजी पेपर. सावळारामनं माठातलं पाणी पुढे केलं आणि विचारलं, "साहेब, समाजकल्याण कवा निघालं?"

"मला सोलापूरची गाडी पाहिजे."

"गाडी न्हाई साहेब. खातं."

"कुणाचं खातं?"

"सरकारचं. ते कवा निघालं?"

"सरकारी खातं निघत नसतं," गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले. "ते असतंच." मग त्यांना प्रश्न कळला, आणि ते सावरून बसले. ते दिल्लीत शिक्षण मंत्रालयातच नोकरीला होते, पाच वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. "समाजकल्याण आमच्याच मंत्रालयातला एक विभाग. चौसष्ट साली त्याची सुरुवात झाली, तेव्हा नाव वेगळं होतं."

"सत्तेचाळीस न्हाई?"

"नाही."

"आन् सोतंत्र मंत्रालय?"

"छे, छे. आमच्या हाताखालचा विभाग. मी स्वतः त्याच्या फायली पाहिल्यात."

सावळारामनं शेवटचा धीर केला. "हापिस टेशनात हाय का, साहेब?"

गृहस्थांनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि ते पेपर घेऊन पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसले.

सावळाराम तीच खुर्ची पुन्हा पुसू लागला. त्याच्या इज्जतीचं एक वेळ जाऊ दे. पण चौदा बायका दिल्लीच्या बाईपुढे उभ्या राहून सुट्टीची आणि माडीची गोष्ट सांगणार, बाई म्हणणार की असला कसला वर्ग, आणि वर्ग बंद. अंजनाची मॅट्रिक सहा महिन्यांवर आली होती. सातवीत सुटलेली शाळा तिला कशीबशी परत मिळाली होती, आणि आता ती पुन्हा सुटणार ती नवऱ्याच्या तोंडामुळे.

मंगळवारी रजा मिळाली नाही. बुधवारी त्यानं जयसिंग नावाच्या जोडीदाराशी ड्यूटी बदलली आणि पहिली गाडी पकडली. बाई येण्याआधी पोचायचं, सगळ्यांपुढे खरं सांगायचं आणि वह्यांतली ती पानं फाडायला लावायची, असा त्याचा बेत होता. न्हावऱ्याच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली. सावळारामनं ड्रायव्हरला जॅक लावायला मदत केली, नट सोडवायला मदत केली, आणि त्या घाईत एक नट बाजरीच्या शेतात घालवला. तो शोधण्यात पाऊण तास गेला.

तो मंडळाच्या दारात पोचला तेव्हा बाहेर जीप उभी होती.

आत दिल्लीच्या बाई खुर्चीवर बसल्या होत्या. पांढरी खादीची साडी, मांडीवर वही. मूळच्या नागपूरच्या, त्यामुळे मराठी बोलत होत्या. पुढे पुतळाबाई हात जोडून उभी होती आणि घडाघडा म्हणत होती.

"…सोळा ऑगस्ट एकोणीसशे सत्तेचाळीस रोजी करण्यात आली."

"सोळाच का?" बाईंनी विचारलं.

"पंधराला सुट्टी व्हती, बाई."

बाईंचा चेहरा हलला नाही. "आणि कार्यालय?"

"दिल्ली जंक्शनला, एक नंबरच्या माडीवर."

"मी बावीस वर्षं या कामात आहे," बाई म्हणाल्या. "मला ती माडी कुणी दाखवली नाही." मग त्या अंजनाकडे वळल्या. "तुम्ही सांगा. समाजकल्याण हा कुठल्या मंत्रालयातला विभाग आहे?"

अंजना उठली. "विभाग न्हाई बाई. स्वतंत्र मंत्रालय हाय."

दारात उभ्या सावळारामला राहवलं नाही. चपला न काढता तो आत घुसला. "चुकलं, चुकलं. विभाग हाय. शिक्षण मंत्रालयाच्या हाताखाली हाय. तिची चूक न्हाई बाई, मी खात्री करून आलोय."

सगळा वर्ग त्याच्याकडे बघू लागला. बाईंनीही पाहिलं.

"तुमचं चुकलं," त्या म्हणाल्या. "ह्यांचं बरोबर आहे. गेल्या महिन्यापर्यंत विभाग होता. ऑगस्टमध्ये स्वतंत्र मंत्रालय झालं. अजून आमच्या कागदांवरची नावंसुद्धा बदलायची आहेत." त्या अंजनाला म्हणाल्या, "शाबास. हे पुण्याच्या ऑफिसातही दोघांना सांगता आलं नाही. कुणी शिकवलं?"

अंजनानं नुसतं नवऱ्याकडे बोट केलं.

रविवारभर बोललेल्या खोट्यात एकच गोष्ट खरी निघाली होती, आणि तेवढी एक सावळारामनं सतरा कोस येऊन खोडली होती.

"तुम्ही किती शिकलात?" बाईंनी साधेपणानं विचारलं.

सावळारामनं सवयीनं खाली पाहिलं. खाली त्याच्या चपला होत्या, चिखलानं भरलेल्या. मग त्यानं वर पाहिलं, ते नेमकं अंजनाकडे.

"मॅट्रिकला बसलो व्हतो, बाई."

"मग?"

"दोनदा बसलो."

"आणि?"

"दोन्ही बारीला गेलो. गणितात, इंग्रजीत… आन् नागरिकशास्त्रात." आणि एकदा तोंड उघडलं म्हटल्यावर त्यानं सगळंच सांगून टाकलं, सांडशी, आमटी, दोरीवर वाळलेले कागद आणि चौफुल्याला सुचलेला इतिहास. "ह्या बायकांनी जे म्हणलं ते माझ्यामुळं. वर्गाला काय बोल लावू नका. लावायचा तर मला लावा."

सोजराबाईंना जमीन दुभंगेल तर बरं असं झालं होतं. तेवढ्यात पुतळाबाई, जी अजून उभीच होती, म्हणाली, "बाई, खातं दिल्लीत कवा निघालं ते चुकलं आसंल. पर ते माझ्यापातुर कवा आलं ते मला ठावं हाय. गेल्या साली आषाढात. सोमवार व्हता. मी भाजीची पाटी हितं दारात उतरली आन् आत येऊन नाव लिवलं. चोवीस वर्सांनी लिवलं. ती तारीख चुकायची न्हाई."

बाईंनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. मग खुर्ची पुढे ओढली, वही मिटली आणि म्हणाल्या, "बसा. मी सांगते."

आणि त्यांनी सांगितलं. स्वातंत्र्यानंतर हे काम एका घरचं नव्हतंच. बायकांचं थोडं इथं, अपंगांचं थोडं तिथं, अनाथ पोरांचं तिसऱ्याकडे. पाच-सहा मंत्रालयांत वाटलेलं. त्रेपन्न साली एक समाजकल्याण मंडळ निघालं. गावोगावच्या संस्थांना हाताशी धरायचं, त्यांना मदत द्यायची, हे त्याचं काम. हा वर्ग त्याच मंडळाच्या योजनेतला. मग चौसष्ट साली बाकीची विखुरलेली कामं गोळा करून एक विभाग केला, त्याला नाव दिलं सामाजिक सुरक्षा. दोन वर्षांनी नाव बदलून समाजकल्याण झालं. पुढे तो शिक्षण मंत्रालयाला जोडला.

"म्हणजे बघा," बाई म्हणाल्या, "आधी पोरकं, ह्याच्या त्याच्या दारात वाढलेलं. मग थोरल्या जावेच्या घरात एका खोलीत संसार. आणि आत्ता गेल्या महिन्यात वेगळी चूल मांडली."

चौदा बायकांच्या माना एकदम हलल्या. एवढा इतिहास त्यांना कुणीच इतक्या लवकर समजावला नव्हता.

"मग भांडी मिळाली का वाटणीत?" पुतळाबाईनं विचारलं, आणि त्या दिवसात पहिल्यांदा दिल्लीच्या बाई मोकळ्या हसल्या. जाताना त्यांनी गणिताच्या वह्या पाहिल्या, अंजनाकडून एक धडा वाचून घेतला, आणि जीपमध्ये बसण्यापूर्वी सावळारामचं पूर्ण नाव विचारून लिहून घेतलं.

स्टँडवर अंजना त्याला सोडायला आली. गाडीला वेळ होता. दोघं बाकावर बसले. तिनं भाजक्या शेंगांचा पुडा सोडला, आणि सावळारामला वाटलं की आता ती बोलली तर बारा वर्षांचा हिशेब निघेल.

"मामा खोटं बोलले," ती म्हणाली.

"मामा म्हणले, पोरगा मॅट्रिकचा हाय. पास हाय असं म्हणले न्हाईत."

"आन् तुम्ही?"

"मी गप बसलो."

अंजनानं पदर सारखा केला. "मला मॅट्रिकचा राग न्हाई. तुम्ही नापास म्हणून बाबांनी मला दिली नसती असंबी न्हाई. पर सव्वा वर्स झालं, मी गणित अडलं की वही मिटून ठिवती. दर रविवारी तुम्ही येता. इचारावं वाटतं. पर वाटायचं, ह्यांना समदं येतं, आपल्याला एवढंबी येत न्हाई म्हणल्यावर काय म्हणतील. आन् तुम्हाला येतच नव्हतं."

"तुला कुठलं अडतंय?"

"व्याज."

"मला तेच अडलं व्हतं," सावळाराम म्हणाला. "दोन्ही बारीला."

अंजना हसायला लागली. आधी पदराआड, मग उघड. सावळारामही हसला. बारा वर्षं खांद्यावर वाहिलेलं एक पोतं कुणीतरी त्याला न विचारता उतरवून घेतलं होतं, आणि ते उतरवणारी बाई त्याच्याशेजारी बसून भाजक्या शेंगा सोलून त्याच्या हातात देत होती. खातं कुठल्याही साली निघालेलं असो, ते निघालं हे फार बरं झालं, असं त्याला मनापासून वाटलं. दौंडची गाडी लागली तेव्हा अंजना म्हणाली, "रविवारी या. पायरीवर बसू नका. आत मागं बसा."

त्यानंतर तो दर रविवारी आत, मागच्या भिंतीला टेकून बसू लागला. गीताबाईंच्या जागी आलेल्या नव्या बाईंनी व्याज शिकवलं, ते सावळारामला तिसऱ्या रविवारी समजलं आणि अंजनाला पहिल्याच. मग स्टँडच्या बाकावर तिनं त्याला पुन्हा समजावलं. भागुबाईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "माझ्या वक्ताला हे खातं कुठं गेलं व्हतं? मीबी शिकली असती. निदान आमटीत काय टाकायचं न्हाई ते वाचून घेतलं असतं."

डिसेंबरात दिल्लीच्या अहवालाचा उतारा आला. रविवार होता. सोजराबाईंनी सगळ्यांसमोर उभं राहून तो वाचला. वर्ग चालू ठेवण्यास मंजुरी देण्यात आली होती. विद्यार्थिनींची समज चांगली आहे असं म्हटलं होतं. श्रीमती पुतळाबाई यांचं उत्तर तर जसंच्या तसं उतरवलं होतं, आषाढातल्या सोमवारासकट. पुतळाबाईनं डोळे पुसले. अंजनाचं वाचन 'उत्तम' होतं. सावळारामनं ते ऐकून आजूबाजूला पाहिलं, सगळ्यांनी ऐकलं ना म्हणून.

"आन् खाली जावईबापूंचंबी हाय," सोजराबाई म्हणाल्या.

सावळाराम ताठ बसला.

"'वर्गात महिलांखेरीज एक पुरुष लाभार्थी आढळला. श्री. सावळाराम कोंडिबा साळवे. यांना लेखी मजकूर हाताळण्याचा सराव नाही. सामान्यज्ञान कच्चे आहे. तथापि शिकण्याचा हुरूप दांडगा असून, दौंडहून येऊन वर्गात चपलांसह प्रवेश केला. प्रौढ शिक्षणाच्या दृष्टीने यांच्याकडे विशेष लक्ष पुरवावे व नाव हजेरीपटात घ्यावे.'"

वर्ग शांत होता. (पदर तोंडात असले की वर्ग शांतच असतो.) सावळारामनं सोजराबाईंना 'हुरूप दांडगा' एवढं पुन्हा वाचायला लावलं. ऐकायला ते वाईट नव्हतं.

दिल्लीचा हुकूम म्हटल्यावर तो मोडणं सोजराबाईंना शक्य नव्हतं. त्यांनी लगेच हजेरीपट काढून पंधराव्या ओळीवर त्याचं नाव घातलं. हजेरीपट छापील होता, बायकांच्या वर्गासाठी मुद्दाम छापून आलेला, आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीचा शब्द छापखान्यानंच घातलेला होता. तो खोडायला सोजराबाई तयार झाल्या नाहीत. सरकारी कागदावर खाडाखोड चालत नाही म्हणाल्या.

नव्या बाईंनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. अंजना हजर होती. पुतळाबाई हजर होती. चौदाही जणी झाल्या. मग बाईंनी पंधराव्या ओळीवर बोट ठेवलं, जरा थांबल्या, आणि जे छापलं होतं आणि जे लिहिलं होतं ते सलग वाचलं.

"श्रीमती सावळाराम कोंडिबा साळवे."

सावळारामनं मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. मग तो उठून उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, "हजर, बाई."